घरातला तिसरा लिओपोल्ड

१० जानेवारी १९३७, रविवार

आम्ही भावंडं किती? साधा प्रश्न आहे आणि मला उत्तर देता येत नाही.

शुक्रवारी वर्गात कुटुंबाचा धडा चालला होता. प्रत्येक मुलीनं उभं राहून आपली भावंडं सांगायची. सगळ्यांचं झाल्यावर मागच्या बाकावरची एक म्हणाली, "आणि बाई, तुम्ही?" मी म्हणाले, "सहा भाऊ आणि मी." म्हटलं आणि अडखळले. सिल्वीचं काय? मॉरित्स, यूल, आंद्रे, मग सिल्वी, आणि तिच्या पाठीवर ओमेर, रेमी, वॉल्टर. सिल्वी दोन वर्षांची होती, डांग्या खोकल्यानं मठातल्या दवाखान्यात गेली. मी तेव्हा बारा वर्षांची, इपरच्या वसतिगृहात. सुट्टीत घरी आले तर पाळणा माळ्यावर टाकलेला होता. तिला तिकडेच, मठाच्या आवारात पुरलं. तिचं तोंड मला नीट आठवतही नाही. चपटं नाक आणि तिरपे डोळे, एवढंच.

गेंटला चार वर्षं इतिहास शिकले, घराण्यातली पहिली पदवीधर झाले, पण गेलेलं माणूस मोजायचं की नाही, हे कुणी शिकवलं नाही.

आणि नेमकं आता मोजण्याला महत्त्व आलं आहे. आई चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा गरोदर आहे. मुलगा झाला तर ओळीनं सातवा. ओळीनं सातव्या मुलाचा धर्मपिता खुद्द राजा होतो आणि मुलाला राजाचं नाव मिळतं. आमचे आजोबाही सातवे. त्यांना दुसऱ्या लिओपोल्ड राजाचं नाव मिळालं होतं, म्हणून सारा गाव त्यांना 'दुसरा' म्हणतो. राजानं पाठवलेल्या चांदीच्या पेल्यात ते दाढीचा ब्रश ठेवतात. दुधाची गाडी ओढणाऱ्या आपल्या कुत्र्याला त्यांनी 'पहिला' नाव ठेवलं आहे.

आज जेवताना बाबा म्हणाले, "आता सिंहासनावर तिसरा आहे. आपल्याही घरात तिसरा येणार."

"पहिला गाडी ओढतो," आजोबा म्हणाले, "दुसरा दाढी करतो. तिसऱ्याला काय काम देणार आहेस, कामिल?"

बाबा हसले नाहीत. वर्षभर ते चाकांचे आरे तासताना फक्त याच एका गोष्टीबद्दल बोलत आले आहेत.

२४ जानेवारी

नगराध्यक्ष काम्बिए घरी आले. आजपर्यंत ते आमच्या कारखान्याच्या दारात उभं राहून चाकांची चौकशी करायचे. आज आत येऊन खुर्चीवर बसले. आईनं चिकोरीची कॉफी दिली.

"ब्रसेल्सला कळवायचं तर एकदा नीट विचारून घेतो," ते म्हणाले. "मधे मुलगी आली की ओळ तुटते. तुमच्याकडे एक होती ना?"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. आई स्वयंपाकघरात गेली. शेवटी मीच म्हणाले, "होती. सिल्वी. बारा वर्षं झाली तिला जाऊन."

"मग प्रश्नच नाही. गेलेल्यांशी राजाला काय करायचंय? बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही खात्रीनं सांगता?"

"खात्रीनं."

"तुमचा शब्द मला कागदापेक्षा मोठा," असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला. शाळेतल्या माझ्या कायम नेमणुकीची गोष्टही जाता जाता काढली. ती त्यांच्याच हातात आहे.

या घरात पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाचा कुणाला उपयोग झाला. ते गेल्यावर बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आई मात्र रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. सिल्वीची आठवण काढल्यामुळे दुखावली असेल.

७ फेब्रुवारी

महिन्याचा पहिला रविवार. पोट एवढं पुढं आलेलं असताना आई बसनं मठात गेली. सिल्वीच्या थडग्यापाशी ती न चुकता जाते. सोबत साखरेचा केक आणि विणलेले लोकरीचे मोजे. मोजे ती तिथल्या अनाथ मुलींना देते. दरवर्षी थोडे लांब विणते. मुली मोठ्या होत असणार.

मी म्हटलं, "आई, या महिन्यात राहू दे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"वाट बघते," ती म्हणाली.

"कोण?"

"सिस्टर."

संध्याकाळी गोठ्यामागं बाबा तिला सांगत होते, "एकदा राजाचं नाव घरात येऊ दे. मग आणू तिला. कोणाची हिंमत आहे मग बोलायची?" आई म्हणाली, "वचन?" बाबा म्हणाले, "वचन." बहुतेक कामाला बाई आणायचं ठरतंय. बरंच होईल, आईचे पाय सुजले आहेत.

२१ फेब्रुवारी

बारशाच्या दिवशी शाळेच्या मुलांनी तिन्ही लिओपोल्ड सादर करायचे, असं नगराध्यक्षांनी ठरवलं आहे. कागदी मुकुट, तीन मुलं, आणि निवेदन माझं. दुसऱ्या लिओपोल्डबद्दल खरं काही मिळावं म्हणून आजोबांकडे गेले. ते पेल्यात साबण घोटत होते.

"त्याच्याबद्दल काय विचारतेस, पंडितीणबाई? त्यानं मला नाव दिलं. मी त्याला सहा वर्षं दिली. भरतीच्या ऑफिसात सगळे हसले, 'राजाचा धर्मपुत्र! मग राजाच्याच मुलखात जा.' गेलो काँगोला."

"तिथे काय काम होतं?"

"मला आकडे येत होते, म्हणून मोजणीवर घेतलं. शिपायाला जेवढ्या गोळ्या दिल्या, मारलेल्यांचे तेवढे हात त्यानं आणून दाखवायचे. गोळ्या शिकारीत उडवल्या नाहीत, याचा पुरावा. टोपल्या यायच्या. धुरात वाळवलेले. मी मोजायचो."

मी वही मिटली. तरी विचारलं, "आणि कमी भरले तर?"

"मग जिवंत माणसाचे आणायचे. कमी कधी भरत नसत." त्यांनी गालावर वस्तरा फिरवला. "लहान पोरांचे हात दोन मिळून एक धरायचा की वेगळे, यावर एकदा वाद झाला होता. वेगळेच धरले."

"तुम्हाला झोप कशी लागायची, आजोबा?"

"छान लागायची. तुला काय वाटलं, नाही लागायची?"

हे सगळं निवेदनात घालणार. मुलांना खोटा इतिहास शिकवणार नाही, अशी पदवीच्या दिवशी मी शपथ घेतली होती.

३ मार्च

काम्बिएसाहेबांनी निवेदन वाचलं. रागावले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "बाई, खरं आहे की नाही, मी विचारत नाही. पण बारशाला? बाळाच्या तोंडावर?"

विचार केला. ते बरोबर आहेत. सत्य सांगायलाही वेळ असते. ते पान काढलं आणि तिथं 'दुसऱ्या लिओपोल्डनं दूरच्या मुलखात आपल्या देशाचं नाव नेलं' एवढंच घातलं. यात खोटं काही नाही.

२८ मार्च, ईस्टर

मुलगा झाला.

पहाटेपासून आई ओरडत होती. दुपारी आवाज बंद झाला तेव्हा जास्त भीती वाटली. सुईण रक्तानं भरलेले हात घेऊन बाहेर आली. बाबांनी विचारलं, "काय आहे?"

"बाई वाचते का ते बघू आधी."

"ते विचारलं नाही मी."

"मुलगा," ती म्हणाली आणि दार आपटून आत गेली. बाबा डॉक्टरला आणायला निघाले असं मला वाटलं, पण ते आधी काम्बिएंच्या घरी गेले. डॉक्टर मॉरित्सनं आणला. आई वाचली. पांढरीफटक पडली आहे. शुद्धीवर आल्यावर तिनंही पहिलं तेच विचारलं. मी 'मुलगा' म्हणताच ती इतकी गोड हसली, की तिलाही राजाच्या नावाची एवढी हौस आहे हे मला माहीतच नव्हतं.

आजोबा म्हणाले, "पहिला भुंकला, तिसरा रडला. दुसऱ्यानं दार लावून घेतलं."

१८ एप्रिल

बारसं झालं. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. राजाच्या वतीनं काम्बिएंनी बाळाला धरलं. लिओपोल्ड बोस्तीन. सगळे त्याला आत्ताच पोल म्हणायला लागले आहेत. नवा पेला लखलखीत आहे. साखरबदाम वाटले. मुलांनी तिन्ही राजे छान केले. दुसऱ्याची दाढी मधेच निसटली तेव्हा लोक पोट धरून हसले.

मग मंडपात आजोबा आपला जुना पेला जिनने भरून उठले. "सातवा म्हणे! मोजता येतं का रे कोणाला? मी मोजणीवर होतो. मधे एक पोर आहे, मोजे घालून बसलीय!"

लोक आणखी हसले. ओमेरनं त्यांना धरून घरी नेलं. आई हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

१९ एप्रिल

आजोबांना विचारलं, "काल 'आहे' का म्हणालात? 'होती' म्हणायचं होतं ना?"

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "अगं, तुला खरंच माहीत नाही? मला वाटलं, काम्बिएला तू जाणूनबुजून सांगितलंस. मनात म्हटलं, पोरगी निघाली माझ्यावर."

"आजोबा!"

"कोण मेली? नाक चपटं, जीभ जड, लोक बघायला यायचे. तुझ्या बापाला लाज वाटली, मठात टाकली आणि गावात 'मेली' म्हणून सांगितलं. निम्म्या गावाला ठाऊक आहे. तुझी आई दर महिन्याला कुणाला भेटायला जाते? मातीला मोजे लागतात का?"

मी दिलेला शब्द खोटा आहे. दुसरं काही सुचत नाही.

२५ एप्रिल

मठात जाऊन आले. घरी सांगितलं नाही.

ती स्वयंपाकघराच्या मागं बटाटे सोलत बसली होती. चौदा वर्षांची, बुटकी, जाडसर. पायात आईचे निळे मोजे. आईनं फोटो दाखवला असावा; मला पाहिल्याबरोबर म्हणाली, "अलिडा. तू शिकलीस. आई सांगते."

मी तिच्यासमोर बसले. तिनं सुरी बाजूला ठेवली आणि बोटांवर नावं घ्यायला लागली. प्रत्येक नाव जड जिभेनं, पण बरोबर. "अलिडा. मॉरित्स. यूल. आंद्रे. मी. ओमेर. रेमी. वॉल्टर. पोल." एकही नाव चुकलं नाही. पोल जन्मून महिनाही झालेला नाही. बारसं होताच आईनं सिस्टरांना निरोप पाठवला असणार.

"जत्रेला घरी येणार मी," ती म्हणाली. "आई म्हणाली. पोलला मांडीवर घेणार."

"हो का?"

"तू येशील न्यायला?"

मी 'हो' म्हणाले. तिनं मला एक सोललेला बटाटा दिला. तो हातात धरूनच मी बसमध्ये बसले. निघताना फाटकापाशी मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "गुणी आहे. कामाला वाघ. आई भेटून गेली की दोन दिवस फाटकाशी उभी राहते, तेवढाच त्रास."

खूप रडले. आता हे मिटवायचं. सिल्वीला घरी आणायचं आणि सगळ्या गावासमोर सांगायचं. जे खरं तेच राहील.

२६ एप्रिल

बाबांना कारखान्यात गाठलं. सगळं बोलले. त्यांनी रंधा थांबवला नाही.

"आण की," ते म्हणाले. "मी नाही म्हणतोय का? पण आधी काम्बिएकडे जा आणि तुझ्या तोंडानं सांग, की मी खोटं बोलले."

"खोटं तुम्ही बोललात, बाबा."

"मी? मी खिडकीबाहेर बघत होतो. शब्द तू दिलास. 'खात्रीनं' कोण म्हणालं?" रंध्यातून लांब साल निघत राहिली. "पोलचं नाव काढून घेतील. पेला परत. पेपरात येईल, राजाला फसवलं म्हणून. तुझी शाळा जाईल. आणि तुझ्या आईला लोक काय म्हणतील? पोटची पोर जिवंत असताना मेली म्हणून मिरवणारी. जा, सांग."

"तुम्ही आईला वचन दिलंत ना, नाव आलं की आणू म्हणून?"

"आणखी एका मुलाला तिनं हो म्हणावं म्हणून दिलं होतं. डॉक्टरनं घाबरवून ठेवली होती तिला."

मी उभीच होते. ते म्हणाले, "भुसा उडतोय, कपडे खराब होतील तुझे."

२ मे

आई अजून नीट चालू शकत नाही, तरी मॉरित्सच्या आधारानं बसपर्यंत गेली. परत आल्यावर मला खोलीत बोलावलं. पलंगाखालून झगा काढला. पिवळा, पांढरी कॉलर असलेला.

"तुला कळलंय," ती म्हणाली. "सिस्टरनी सांगितलं तू आली होतीस. तिला फार आवडलीस तू. अलिडा, जत्रेला आणू. बाबा वचन विसरतील, पण तू आहेस. तू बोललीस की काम्बिएसुद्धा ऐकतो. याच्यासाठीच तर पोल आणला मी. मरता मरता आणला."

मी म्हणाले, "बघते आई."

तिनं माझा हात गालाला लावला. "शिकवलं तुला ते बरं झालं."

तिला समजतच नाही. ज्या दिवशी सिल्वी दारात येईल, त्या दिवशी पोलचं नाव जाईल. एका लेकरासाठी तिनं दुसरं आणलं आणि त्या दुसऱ्यानं पहिलीचं दार लावलं. हे तिला कोणत्या शब्दांत सांगू? अक्षरओळख नसलेल्या बाईला इतकं क्रूर सत्य सांगणं हा मला अन्याय वाटतो.

५ मे

नेमणूक कायम झाली. काम्बिएसाहेब स्वतः वर्गात येऊन मुलींसमोर म्हणाले, "तुमच्या बाई कधी खोटं बोलत नाहीत." मुलींनी टाळ्या वाजवल्या. फळ्यावर माझ्याच हातचं वाक्य होतं: नेहमी खरं बोलावं. मी ते पुसलं नाही.

रस्ताभर विचार करत आले. खरं म्हणजे काय? एका घरात दोन वेगवेगळ्या गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. गाव एक धरतं, आई दुसरं. आई दर महिन्याला लपून जाते, बाबा लपवतात, सिल्वी फाटकाशी उभी राहते. या सगळ्यांचा छळ एका गोष्टीनं थांबेल. मला ते आधीच दिसायला हवं होतं.

१५ मे, शनिवार

उद्या जत्रा. चौकात पाळणा उभा करताहेत, ठोकाठोकीचा आवाज इथपर्यंत येतो.

आज सकाळी आईला सांगितलं. ती पोलला पाजत होती. मी जवळ बसले, तिच्या पायांवर हात ठेवला आणि म्हणाले, "आई, मठातून निरोप आलाय. सिल्वी मंगळवारी गेली. ताप होता. त्रास झाला नाही."

ती रडेल म्हणून मी रुमाल तयार ठेवला होता. ती रडली नाही. पोलचं दूध पिऊन होईपर्यंत हललीसुद्धा नाही. मग विचारलं, "पायात कोणते मोजे होते?"

"निळे," मी म्हणाले.

"नवे लाल पोचले नसतील मग."

थोड्या वेळानं तिनं सुयांवरचा अर्धा विणलेला मोजा काढला, धागा ओढला आणि सगळा उसवून लोकरीचा गोळा केला. म्हणाली, "पोलला टोपी होईल." मठात जाते म्हणाली नाही. जाऊ नये म्हणून मी सांगितलं होतं, साथ आहे, सिस्टर कुणाला आत घेत नाहीत. पिवळा झगा आपण होऊनच माझ्या हातात दिला, शाळेतल्या एखाद्या गरीब मुलीला दे म्हणाली. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. तशी त्यांनी आजवर फक्त काम्बिएंसाठी ओढली होती.

आजोबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "झोप लागते का?"

लागते. का लागू नये? आता घरात सगळे एकच आकडा सांगतात. कुणी कुणापासून लपून बसनं जात नाही.

मंगळवारी सिल्वीला मी स्वतः गाडीत बसवून दिलं. मोठ्या सिस्टरना पटवायला वेळ लागला नाही. त्यांचा दुसरा मठ आहे, नामुरच्या पलीकडे, डोंगरात. तिला वाटलं, जत्रेला चाललो. खिडकीतून हात हलवत बोटं मोजत होती. तिकडे सगळे फ्रेंच बोलतात, आमची भाषा कुणाला येत नाही. ती दिवसभर आमची नावं घेत बसली, तरी राजावरून ठेवलेला एक पोल सोडला तर कुणाला काही कळायचं नाही.